हिवाळी फुलोरा आणि पाण्याचा हिशेब : बेंगळुरूच्या एका वसाहतीतील बागा

घरगुती बाग हा विकासविषयक चर्चेचा विषय सहसा मानला जात नाही. हौसेचा, फार तर सौंदर्यदृष्टीचा भाग म्हणून तिच्याकडे पाहिले जाते. मार्च 2024 मध्ये मात्र बेंगळुरूच्या पाणीपुरवठा व मलनिःसारण मंडळाने पिण्याचे पाणी बागेला घालणे, त्याने वाहने धुणे, ते बांधकामाला व शोभेच्या कारंज्यांना वापरणे यांवर बंदी घातली. उल्लंघनासाठी 5,000 रुपये दंड आणि तोच प्रकार पुन्हा आढळल्यास दररोज आणखी 500 रुपये असे त्या आदेशाचे स्वरूप होते. 2023 च्या अपुऱ्या मॉन्सूननंतर शहरातील सुमारे 14,000 सरकारी कूपनलिकांपैकी जवळजवळ निम्म्या कोरड्या पडल्याचे कर्नाटक शासनाने त्या वेळी सांगितले होते. फेब्रुवारी 2025 मध्ये अशाच आशयाचा आदेश पुन्हा निघाला. ‘उद्यान नगरी’ म्हणून देशभर ओळखल्या जाणाऱ्या शहरात बाग अशा रीतीने दंडनीय चैनीच्या यादीत जाऊन बसली.

आदेशामागील निकड नाकारता येणार नाही. परंतु बाग ही एकजिनसी वस्तू नव्हे. कोणते झाड, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या स्रोतातून पाणी घेते, यावर ती चैन आहे की नाही हे ठरते. या दृष्टीने बेंगळुरूच्या बागांतील हिवाळ्यात फुलणारी झुडपे विशेष अभ्यसनीय आहेत. त्यांचे ऋतुचक्र आणि शहरातील पाणीटंचाईचे चक्र परस्परांना छेदत नाहीत, ही साधी गोष्ट नियोजनकारांच्या व गृहस्थांच्याही नजरेतून बहुधा निसटली आहे.

एचएसआर लेआउटची जागा

शहराच्या आग्नेय भागातील एचएसआर लेआउट ही वसाहत होसूर व सर्जापूर या दोन रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाते. बेंगळुरू विकास प्राधिकरणाने आखलेल्या या वसाहतीचे सात सेक्टर आहेत. 30 बाय 40 फुटांचा भूखंड हे बेंगळुरूच्या आखीव वसाहतींचे परिचित माप. त्यावर दोन-तीन मजली घर बांधल्यानंतर समोर व बाजूला जी अरुंद पट्टी उरते, तीच बाग. उत्तरेच्या अंगाला आगरा तलाव असून त्याचे पाणी पुढे बेळ्ळंदूर तलावाकडे जाते. म्हणजे ही वसाहत कोरमंगल-चल्लघट्ट या खोऱ्याच्या उतारावर वसलेली आहे. साहजिकच 2017 आणि 2022 च्या पावसाळ्यात तिच्या सखल भागांत पाणी शिरले आणि 2024 च्या उन्हाळ्यात शहराच्या इतर अनेक भागांप्रमाणे येथेही टँकरची वाट पाहण्याची वेळ आली. सप्टेंबरमध्ये पंप लावून उपसायचे आणि मार्चमध्ये पैसे मोजून आणायचे, असा हा पाण्याशी असलेला विचित्र व्यवहार आहे.

हवामान मात्र उदार आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवरील या पठारावर डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे सरासरी किमान तापमान 15 ते 16 अंश सेल्सिअस आणि दुपारचे कमाल तापमान 27 अंशांच्या आसपास असते. दहिवर पडून झाडे जळण्याचा प्रश्न येथे उद्भवत नाही. शहरातील नोंदलेले सर्वांत कमी तापमान 7.8 अंश असून ती नोंद 13 जानेवारी 1884 ची आहे. वार्षिक पर्जन्यमान साडेनऊशे ते हजार मिलिमीटर. त्यात सप्टेंबर व ऑक्टोबर हे महिने सर्वांत ओले असतात. पुण्या-नाशिकच्या वाचकांना हे थोडे वेगळे वाटेल. तिकडे ऑक्टोबरच्या उन्हाने माती तापू लागते, तेव्हा बेंगळुरूची तांबडी माती अजून ओलीच असते, आणि ईशान्य मॉन्सूनच्या सरी नोव्हेंबरपर्यंत तिला भिजवीत राहतात. त्यानंतर जवळजवळ चार महिने आभाळ कोरडे.

हिवाळी झुडपांची सगळी किमया या दोन गोष्टींच्या सांध्यावर उभी आहे : खोल मुरलेला उशिराचा पाऊस आणि लांबत जाणारी रात्र.

अंधाराची मोजणी

थंडी पडली की फुले येतात, असा सर्वसाधारण समज आहे. बेंगळुरूच्या बागेपुरता तो अर्धाच खरा आहे. 1920 मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागातील गार्नर व ॲलर्ड या शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या एका वाणावर प्रयोग करून दाखवून दिले की, कित्येक वनस्पतींचा फुलोरा दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. पुढील संशोधनातून असे स्पष्ट झाले की वनस्पती प्रत्यक्षात दिवस नव्हे, तर सलग अंधाराचा काळ मोजते. ठरावीक मर्यादेपेक्षा रात्र लांबली की पानांत तयार झालेला संदेश शेंड्यापर्यंत जातो आणि पानांऐवजी कळी धरते.

बेंगळुरू 13 अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथील सर्वांत मोठा दिवस सुमारे 12 तास 54 मिनिटांचा आणि सर्वांत लहान दिवस सुमारे 11 तास 22 मिनिटांचा. फरक अवघा दीड तासाचा. युरोपीय मनुष्याला तो जाणवणारही नाही, परंतु झुडपाला तो पुरतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पॉइन्सेटिया. मूळचे मेक्सिकोचे हे झुडूप 1820 च्या दशकात जोएल पॉइन्सेट या अमेरिकी राजदूताने आपल्या देशात नेले आणि तेथून ते जगभर पसरले. बेंगळुरूच्या कुंपणांवर ते डिसेंबरात लालभडक होते. ज्याला आपण फूल म्हणतो ती खरे तर रंगलेली पाने. खरी फुले मधोमध असलेल्या पिवळसर, बारीक गुंड्यांत दडलेली असतात. एचएसआर लेआउटसारख्या दिव्यांनी उजळलेल्या वसाहतीत या झुडपाचा एक गमतीचा, पण उद्बोधक प्रकार पाहावयास मिळू शकतो. रस्त्यावरच्या दिव्याचा झोत ज्या फांद्यांवर रात्रभर पडतो त्या हिरव्याच राहतात किंवा फार उशिरा रंगतात. त्याच झुडपाची भिंतीआडची बाजू मात्र वेळेवर लाल होते. खत, पाणी, माती यांत कोणताही फरक नसतो. फरक असतो अंधाराचा. ‘आमच्या झाडाला फूल येत नाही’ या तक्रारीवर खताची पिशवी विकत आणण्यापूर्वी फाटकावरचा दिवा मालवून पाहणे अधिक स्वस्त पडेल.

कोरांटी : विकत न मिळणारे झाड

या मोसमातील खरे मानाचे झुडूप मात्र कोरांटी आहे. महाराष्ट्राच्या परसात ती इतकी परिचित आहे की तिच्यावर काही लिहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. संस्कृतातील ‘कुरंटक’ हा तिचा पूर्वज शब्द. मराठीत कोरांटी, तर कन्नडमध्ये काटेरी पिवळ्या जातीला ‘मुळ्ळु गोरंटी’ म्हणतात. तेव्हा पुण्याहून किंवा बेळगावहून बेंगळुरूत स्थायिक झालेल्या कुटुंबाला बागेतील निदान एक नाव तरी नव्याने शिकावे लागत नाही. पांढऱ्या व जांभळ्या फुलांच्या बिनकाटेरी जातीला तमिळ भाषक सरळ ‘डिसेंबर पू’, म्हणजे डिसेंबरचे फूल म्हणतात. होसूरची वेस ओलांडली की हेच नाव कानी पडते. एखाद्या झाडाचे वेळापत्रक त्याच्या नावातच नोंदविले जावे, याहून वक्तशीरपणाचा दुसरा पुरावा कोणता?

कोरांटी भारतीय उपखंडातीलच आहे. तिची मुळे खोल जातात, तिला फवारणी लागत नाही, गुरे काटेरी जातीला सहसा तोंड लावीत नाहीत. पावसाळाभर ती केवळ पाने वाढविते, ऑक्टोबरनंतर कळ्या धरते आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर जानेवारीपर्यंत फुलत राहते. ‘पॅन्सी’ गटातील फुलपाखरांच्या अळ्या तिच्या पानांवर वाढतात. त्यामुळे पाने थोडीफार कुरतडलेली दिसली तर घाबरण्याचे कारण नाही.

असे असूनही रोपवाटिकांच्या दर्शनी भागात कोरांटी क्वचितच दिसते. त्याचे कारण अर्थशास्त्रीय आहे. जे झाड एका फांदीपासून शेजाऱ्याकडे फुकट लागते आणि वर्षानुवर्षे मरत नाही, त्यातून रोपवाटिकेला वारंवार विक्री मिळत नाही. याउलट पेट्युनिया, साल्व्हिया, कुंडीतील शेवंती ही मोसमी रोपे दोन-तीन महिन्यांत संपतात व पुढील वर्षी पुन्हा विकत घ्यावी लागतात. बाजार जे दाखवितो ते बागेला सोयीचे असतेच असे नाही. सोय बहुधा विक्रेत्याची असते. यात रोपवाटिकाचालकांना दोष देण्याचा हेतू नाही. लालबागेजवळील सिद्धापुरा भागातील जुन्या रोपवाटिका आणि तिगळ समाजातील पिढीजात माळी यांनी या शहराची बागायती विद्या जिवंत ठेवली आहे. मागणी बदलली तर तेही कोरांटी लावतील.

इतर झुडपांपैकी बोगनवेलीचा उल्लेख अपरिहार्य आहे. ब्राझीलकडची ही काटेरी वेलवर्गीय वनस्पती पाणी कमी केले म्हणजेच फुलते. रोज पाणी घालणाऱ्याला ती भरघोस पाने देते आणि विसराळू मालकाला फुले. हिमालयाच्या पायथ्याची ‘कप-बशी’ आणि बोलिव्हियाकडून आलेली ‘पावडर पफ’ ही दोन्ही झुडपे थंडीत बहरतात आणि मधासाठी शिंजीर पक्षी त्यांच्याभोवती घोटाळत राहतात. संक्रांतवेल झुडूप नसली तरी तिला वगळणे अन्यायाचे होईल. जानेवारीत नारिंगी झुंबरांनी भरणारी ही ब्राझीलची वेल मराठी माणसाने आपल्या सणाच्या नावाने दत्तक घेतली आहे. गुलाबाची गोष्ट निराळी. ऑक्टोबरात छाटणी केल्यावर साधारण दीड महिन्यात तो फुलतो हे खरे. होसूर परिसरात आणि आपल्याकडे तळेगाव दाभाडे भागात हरितगृहांतील गुलाबाचा व्यवसाय याच सौम्य हवामानावर उभा राहिला. परंतु त्याला नियमित पाणी, खत व फवारणी लागते. घरच्या बागेत एखाद-दुसरे गुलाबाचे झाड असावे. वाफेच्या वाफे लावणे म्हणजे खर्च ओढवून घेणे होय.

बडोद्याहून आलेली दृष्टी

वर्षाच्या प्रत्येक महिन्यात शहरात काही ना काही फुलत असावे, ही कल्पना बेंगळुरूत नियोजनाच्या पातळीवर रुजविणारे गृहस्थ म्हणजे गुस्टाव्ह हेरमान क्रुम्बिगेल. ड्रेस्डेनजवळ 1865 मध्ये जन्मलेले हे जर्मन उद्यानतज्ज्ञ लंडनच्या क्यू उद्यानात काम करून 1893 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत बडोद्यास आले. तेथील उद्यानांचा अनुभव घेऊन 1908 मध्ये ते म्हैसूर संस्थानात रुजू झाले व 1932 पर्यंत लालबागेचा कारभार त्यांच्याकडे होता. एका रस्त्यावरील झाडांचा बहर ओसरण्याच्या सुमारास दुसऱ्या रस्त्यावरील बहर सुरू व्हावा, अशा क्रमाने त्यांनी वृक्ष निवडले. ‘क्रमशः फुलोरा’ असे त्याचे वर्णन केले जाते. निधन होईपर्यंत, म्हणजे 1956 पर्यंत, ते याच शहरात राहिले.

क्रुम्बिगेल यांचे नियोजन मुख्यतः वृक्षांचे होते. वृक्षाला मोठी जागा लागते, आणि 30 बाय 40 च्या भूखंडावर ती नसते. त्यामुळे क्रमशः फुलोऱ्याचे तत्त्व आज घरगुती पातळीवर राबवावयाचे तर ते झुडपांच्याच साहाय्याने राबवावे लागेल. येथे एक विसंगती नोंदवावीशी वाटते. लालबागेतील 1889 च्या काचघरात प्रजासत्ताक दिनानिमित्त भरणारे पुष्पप्रदर्शन पाहून परतणारा नागरिक घरी नेतो तो मोसमी फुलांच्या कुंड्यांचा मोह. प्रदर्शन आठवड्या-दीड आठवड्याचे असते. त्यातील फुले त्या अवधीपुरती जोपासलेली असतात. घरच्या बागेला तोच निकष लावणे म्हणजे लग्नाच्या पंगतीवरून रोजच्या स्वयंपाकाचे अंदाजपत्रक आखणे होय.

पाण्याचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. समजा, एका भूखंडावर 20 चौरस मीटरची हिरवळ आहे. बेंगळुरूच्या कोरड्या महिन्यांत जमीन व पाने मिळून दिवसाला सुमारे चार मिलिमीटर पाण्याची वाफ होते असे धरले, तर दर चौरस मीटरला रोज चार लिटर, म्हणजे एकूण 80 लिटर पाणी लागेल. डिसेंबर ते मे या सुमारे 180 दिवसांचे ते 14,400 लिटर होते.

त्याच जागेत कोरांटी, पॉइन्सेटिया, कप-बशी अशी 20 रुजलेली झुडपे असतील, तर डिसेंबर ते फेब्रुवारी या 13 आठवड्यांत आठवड्यातून एकदा प्रत्येकी 10 लिटर पाणी पुरते. हे झाले 2,600 लिटर. फेब्रुवारीअखेर फुलोरा संपतो आणि झुडपांची छाटणी होते. पाने कमी झाल्याने पाण्याची गरज घटते. मार्च ते मे या काळात साधारण दोन आठवड्यांतून एकदा, म्हणजे सहा-सात वेळा पाणी दिले तरी ती तग धरतात, आणि एप्रिल-मेमधील वळवाच्या सरी त्यांपैकी काही पाळ्या वाचवितात. हे सुमारे 1,400 लिटर. दोन्ही मिळून 4,000 लिटर, म्हणजे हिरवळीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. शिवाय त्यातील मोठा भाग टंचाई सुरू होण्यापूर्वीच वापरला जातो.

हे 4,000 लिटर कोठून यावेत? 75 चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला 950 मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे 71,000 लिटर पाणी होते. गळती व बाष्पीभवन वजा जाता त्यातील पाचांपैकी चार भाग हाती लागू शकतात. अडचण पावसाची नसून साठवणुकीची आहे. 5,000 लिटरची टाकी जून महिन्यातच भरून वाहू लागते. परंतु बागेच्या दृष्टीने ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील शेवटच्या पावसाने ती भरलेली असणे एवढेच पुरेसे आहे. बेंगळुरूत 2009 च्या कायदादुरुस्तीनुसार 30 बाय 40 फूट व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना आणि 40 बाय 60 फूट व त्याहून मोठ्या भूखंडांवरील जुन्या इमारतींनाही पर्जन्यजल संकलन बंधनकारक झाले. त्यामुळे कायद्याचा आधार पूर्वीच उपलब्ध आहे.

किंमत हे साधन मात्र येथे अपुरे पडते. मार्च 2024 मध्ये जिल्हा प्रशासनाने खासगी टँकरचे दर ठरवून दिले. पाच किलोमीटरच्या आतील 6,000 लिटरच्या टँकरला 600 रुपये. या दराने हिरवळीचे सहा महिन्यांचे पाणी दीड हजार रुपयांत येते. एचएसआर लेआउटमधील सुस्थित कुटुंबाला ही रक्कम जाणवणारी नाही. नळाच्या पाण्याचे दर तर नोव्हेंबर 2014 पासून एप्रिल 2025 पर्यंत बदललेच नव्हते. प्रत्यक्षात कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटर अंतरावरून, टप्प्याटप्प्याने पंप लावून पठारावर चढवावे लागते. 2007 मध्ये शहरात समाविष्ट झालेल्या 110 गावांसाठीचा दररोज 775 दशलक्ष लिटर क्षमतेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये कार्यान्वित झाला. म्हणजे तोवर सतरा वर्षे तेथील बहुसंख्य रहिवासी कूपनलिका व टँकरवर विसंबून होते. टँकरचे पाणीही कोणत्या तरी कूपनलिकेतूनच येते. एका वसाहतीची हिरवळ आणि दुसऱ्या वस्तीतील हंड्यांची रांग ही एकाच भूजलावरील दोन मागणीपत्रे आहेत. टँकरच्या पावतीवर दुसऱ्या मागणीची नोंद नसते, एवढेच.

या पार्श्वभूमीवर पिण्याच्या पाण्यावरील बंदी योग्य ठरते, पण ती अपुरी आहे. खासगी कूपनलिकेतून बागेला जाणारे पाणी मोजण्याची व्यवस्था बहुतेक घरांत नाही. तेव्हा दंडाची भीती नळापाशी संपते. त्याऐवजी उद्यान विभागाने सार्वजनिक उद्यानांत हिरवळीचा काही भाग काढून हिवाळी झुडपांचे पट्टे करून दाखविले, तर त्याचा परिणाम अधिक टिकाऊ होण्याची शक्यता आहे. अशा उद्यानांसाठी शुद्ध केलेले सांडपाणी वापरता येते. कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातील असे पाणी 2018 पासून कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जाते. ज्या खोऱ्यातून ते पाणी जाते, त्याच खोऱ्यातील उद्यानांनी ताज्या पाण्याची मागणी करावी हे तर्काला धरून नाही.

छाटणीचे वेळापत्रक

झुडूप निवडून भागत नाही. हिवाळी फुलोरा बहुतेक वेळा कात्रीमुळे हुकतो. पॉइन्सेटियाची मुख्य छाटणी मार्चमध्ये व हलकी छाटणी जुलैअखेरपर्यंत करावी. ऑगस्टनंतर शेंडे खुडले तर सप्टेंबरअखेर सुरू होणारी कळीची तयारीच कापली जाते. छाटताना निघणारा पांढरा चीक त्वचेला व डोळ्यांना त्रासदायक असल्याने हातमोजे वापरणे इष्ट. बोगनवेल बहर ओसरल्यावर छाटावी. गणपती-दसऱ्याच्या सुमारास घराची साफसफाई करताना माळ्याला बोलावून सगळेच एका उंचीत कापून घेण्याची पद्धत अनेक घरांत आहे. कुंपण त्यामुळे नीटनेटके दिसते, फुले मात्र त्या वर्षापुरती जातात.

कापलेल्या फांद्या व पाचोळा कचऱ्याच्या गाडीत न टाकता बुंध्याभोवती चार बोटे जाडीचे आच्छादन म्हणून पसरल्यास मातीतील ओल टिकते आणि पाण्याची एखादी पाळी वाचते. पॉइन्सेटियाच्या चिकाळ फांद्या त्यासाठी आधी सुकवून घ्याव्यात. ओला कचरा घरीच जिरविण्याच्या बाबतीत एचएसआर लेआउट शहरात पुढे आहे. निरनिराळ्या प्रकारची कंपोस्ट पात्रे एकत्र पाहता येतील असे ‘स्वच्छाग्रह कलिका केंद्र’ याच वसाहतीत नागरिकांच्या पुढाकाराने उभे राहिले. स्वयंपाकघरातील कंपोस्ट वर्षातून दोनदा, जूनमध्ये व ऑक्टोबरात, आळ्यात मिसळले की या झुडपांना दुसरे खत लागत नाही.

कोरांटीच्या बाबतीत तर लागवडीचे कष्टही नाहीत. फुलोऱ्यानंतर तिची बोंडे वाळली की ती तडकून बी दूरवर उडते. पहिल्या पावसानंतर कुंपणाच्या दोन्ही बाजूंना रोपे उगवलेली दिसतात. जूनच्या शेवटी ती मातीच्या गड्ड्यासह उचलून लावावीत. पुढल्या हिवाळ्यात त्यांतील बरीचशी फुलतात.